जगातले विचित्र सण आणि निबंधातला बैल



गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर कोणीतरी 'जगातील विचित्र सण' अशी एक पीडीएफ टाकली. परिपाठात दिनविशेष झाला की दोन मिनिटं उरतात, तिथं रोज एक सण सांगायचा असं मी ठरवलं. सातवीचा वर्ग, दर्यापूर तालुक्यातलं खारपाणपट्ट्यातलं गाव, पटावर सव्वीस मुलं. अर्ध्याहून जास्त मुलांनी अमरावती शहरसुद्धा एकदोनदाच पाहिलेलं.

पहिल्या दिवशी स्पेनचा 'ला टोमाटिना' सांगितला. बुन्योल नावाचं छोटं गाव आहे, तिथं ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी लोक रस्त्यात उतरतात आणि तासभर एकमेकांना टोमॅटो फेकून मारतात. १९४५ साली पोरांच्या भांडणातून हे सुरू झालं म्हणतात. आता शंभर टनांहून जास्त टोमॅटो ट्रकांनी येतात, आणि २०१३ पासून तर आत जायला तिकीट लागतं. पोरं खूश! फक्त एक मुलगी कपाळाला आठ्या घालून बसली होती. तिनं हात वर केला.

"मॅडम, तिथं टमाट्याले भाव नसन काय?"

मी हसले, पण घरी येऊन वाचलं तर पोरीचा अंदाज अगदीच चुकला नव्हता. फेकायला आणतात ते टोमॅटो खाण्याच्या कामाचे नसलेले, जास्त पिकलेले, स्वस्तातले असतात. पीडीएफमध्ये ते नव्हतं. तिथं फक्त 'अबब!' होतं. रस्त्यावर ओतलेला टोमॅटो ज्या घरानं पाहिलाय, त्या घरातल्या मुलीला पहिला प्रश्न भावाचाच पडणार.

त्यावरून मला एक सुचलं. दुसऱ्या दिवशी मी उलटा प्रश्न टाकला. समजा बुन्योलचं एक तुमच्याएवढं पोरगं आपल्या गावात आलं, तर त्याला आपला कोणता सण विचित्र वाटेल? बराच वेळ कोणी बोलेना. मग मागून एक जण म्हणाला, "पोळा?" आणि लगेच दुसऱ्यानं त्याला गप्प केलं, "त्यात काय इचित्र हाये? बैलाचा सण तं असतेच ना."

हे "असतेच ना" मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला आपण 'असतेच' म्हणतो, त्याकडे आपण पाहत नाही. आपली मुलं निबंधांत जगभरचे सण लिहितात, दिनविशेषात इमोजी दिन आणि चॉकलेट दिन वाचून दाखवतात. त्याला माझी काही हरकत नाही. जग कळलंच पाहिजे. माझं म्हणणं इतकंच की जगाकडे ज्या डोळ्यांनी पाहायला शिकवतो, त्याच डोळ्यांनी घराकडे पाहायला शिकवत नाही. आणि ते का शिकवत नाही, याचं एक कारण मला उशिरा कळलं. ते पुढे सांगते.

आधी आम्ही वर्गात काय केलं ते. आठवडाभर आम्ही जोड्या लावल्या. दूरचा एक सण, जवळचा एक सण.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात पंक्सटॉनी नावाचं गाव आहे. तिथं १८८७ पासून दर २ फेब्रुवारीला पहाटे उंच काळ्या टोप्या घातलेली माणसं 'ग्राउंडहॉग' नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याला बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी अजून सहा आठवडे, नाही दिसली तर वसंत लवकर. टीव्हीवाले, हजारो माणसं, सगळा थाट. मुलं हसून लोटपोट. मग मी विचारलं, आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला भेंडवळला काय होतं?

बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. वाघ घराण्याची परंपरा, तीनशेहून जास्त वर्षांची सांगितली जाते. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटाची मांडणी करतात. गोल आखून कडेनं अठरा प्रकारची धान्यं ठेवायची, मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने, त्यावर पाण्यानं भरलेली घागर, वर पापड, वडा, करंजी, सांडई-कुरडई, आणि पानसुपारी म्हणजे देशाचा राजा. रात्रभर तिथं कोणी जायचं नाही. सकाळी उजाडल्यावर काय हललं, काय विखुरलं, कोणतं ढेकूळ किती ओलं झालं, यावरून पावसापाण्याचं, पिकांचं, राजकारणाचंसुद्धा भाकीत सांगतात. विदर्भातले, मराठवाड्यातले, खानदेशातले शेतकरी ते ऐकायला येतात, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी त्याला अशास्त्रीय म्हणतात, आणि विज्ञान शिकवणारी बाई म्हणून माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. सुपारी हलली की नाही याचा आणि मान्सूनचा संबंध नाही.

पण वर्गात मी मत सांगितलं नाही. पेपरातलं कात्रण फळ्याशेजारी चिकटवलं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे चार रकाने केले. तालुक्याचा पाऊस पेपरात येतो, तो दर महिन्याला बाजूला लिहायचा. जुळतं का ते दिवाळीपर्यंत पाहू.

तिसऱ्या दिवशी एक पालक आले. बांधावरून थेट शाळेत, पायाला माती. "मॅडम, आमच्या श्रद्धेची परीक्षा घेता काय?" मी म्हटलं, भाऊ, परीक्षा नाही, नोंद आहे. ते म्हणाले, "हवामान खात्याची बी ठेवा मंग." बरोबर होतं त्यांचं. आम्ही अजून एक रकाना केला. त्या अमेरिकन प्राण्यासाठी मात्र कोणीच रकाना मागितला नाही. त्याच्या चुका मोजायला सगळे तयार होते!

दुसरी जोडी. ज्या स्पेनमध्ये टोमॅटो फेकतात, तिथंच, बुन्योलपासून जवळ व्हॅलेन्सिया शहरात मार्च महिन्यात 'फायास' असतं. लाकूड, कागद यांचे भलेमोठे पुतळे करतात, त्यात पुढाऱ्यांची, बड्या लोकांची थट्टा असते, आणि १९ मार्चच्या रात्री ते जाळून टाकतात. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आणि आपली मारबत? ती वऱ्हाडातली नव्हे, नागपूरची, पण अमरावतीहून दीडशे किलोमीटरवरची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, १८८० च्या दशकापासून. सोबत बडगे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी जे काही बोचत असेल त्याचा बडग्या. गावातली रोगराई, पीडा, वाईट चालीरीती सगळं घेऊन जा म्हणत मिरवायचं आणि शेवटी जाळायचं. काळ्या मारबतीचा संबंध इंग्रजांना मिळालेल्या बांकाबाई भोसलेंशी जोडतात. म्हणजे राजघराण्यातल्या बाईचा निषेध रस्त्यावर, गाणी म्हणत! दोन देशांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच युक्ती काढली: जे वर्षभर तोंडावर बोलता येत नाही, ते पुतळ्याला सांगून पेटवून द्यायचं.

वर्गाला विचारलं, आपल्या शाळेचा बडग्या करायचा तर कशाचा करू? "पाण्याच्या टाकीचा," असं सगळे एकदम म्हणाले. टाकी कोरडी आहे. तो विषय इथं नको.

तिसरी जोडी माझी आवडती. जपानमध्ये ८ फेब्रुवारीला, काही भागांत ८ डिसेंबरला, 'हारी-कुयो' असतो. वर्षभर शिवणकाम करताना मोडलेल्या, वाकलेल्या सुया बायका देवळात घेऊन जातात आणि टोफूच्या मऊ वडीत टोचून ठेवतात. आयुष्यभर जाड कापडात घुसल्या, आता मऊ जागी निजा. टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर. आमच्या पोरांना सोयाबीन पोत्यानं माहीत, त्याचं पनीर होतं हे मात्र त्या दिवशी कळलं. सुयांचे आभार! आणि नेपाळात तिहार सणात एक दिवस कुत्र्यांचा, त्यांना टिळा, गळ्यात झेंडूची माळ.

हे सांगून झालं आणि मघाचाच मुलगा, पोळ्यात काय विचित्र आहे म्हणणारा, हळूच बोलला, "मॅडम, हे तं खांदमळणीसारखं हाये."

आहेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलाला धुऊन त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, जू ठेवून ठेवून जिथं घट्टा पडलाय तिथंच. आणि उद्या जेवायला या असं त्याला आवतन देतात. जनावराला आवतन! मी वऱ्हाडातच वाढले, अकोल्यात. पण हे वाक्य जपानच्या सुयांच्या शेजारी ठेवेपर्यंत मला त्याचं नवल वाटलं नव्हतं.

आणि इथं मला एक कबुली द्यायची आहे.

मी या गावात नऊ वर्षं नोकरी करते आणि सात वर्षं मी या गावचा पोळा पाहिलाच नव्हता. का? कारण पोळ्याला शाळेला सुट्टी असते! शाळांच्या सुट्ट्या वर्षाला ७६, त्यात आमच्याकडे पोळा धरलेला. सुट्टी म्हटली की मी अकोल्याला आईकडे. आपल्यापैकी बहुतेक जण अपडाऊन करणारे. मग सण गावात, आपण शहरात, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायचं 'माझा आवडता सण: पोळा'. कशावरून लिहायचं? पुस्तकावरून, मागच्या वर्षीच्या वहीवरून. तोच सर्जा, तोच राजा, तीच पुरणपोळी.

भुलाबाईचंही असंच झालं. माझ्या लहानपणी भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी आम्ही पोरी घरोघर जायचो. मातीची भुलाबाई, भुलोबा, गाणी, आणि शेवटी डबा हलवून आतली खिरापत ओळखायची. शेंगदाणे असले की आवाज वेगळा, साखर-खोबरं असलं की वेगळा. काही काकू मुद्दाम केळं ठेवायच्या, केळ्याला आवाज नसतो. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचं मखर. आता ज्वारीच कमी झाली, धांडे आणायचे कुठून? माझ्या वर्गातल्या चौदा मुलींपैकी तिघींना भुलाबाई माहीत होती, तीही मोबाईलवर. हे सांगून मी हळहळतेय असं समजू नका. सण जातात, येतात. अकोल्याची कावडयात्रासुद्धा, श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला येणारी, माझ्या आजीच्या लहानपणी अशी नव्हती. पण एखादा सण का गेला, हे मुलांनी विचारलं पाहिजे. धांडे नाहीत म्हणून भुलाबाई नाही, हा भूगोलाचा धडा आहे.

तर दोन वर्षांपूर्वी मी पोळ्याला गावातच थांबले. त्याला कारण झालं एक निबंध.

त्याआधीच्या वर्षीचा. एका मुलाचा निबंध इतका छान होता की मी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. वडिलांची बैलजोडी, तिला नदीवर नेणं, शिंगांना रंग, पाठीवर झूल, आईनं ओवाळलं, बैलाच्या डोळ्यांत पाणी. दहापैकी नऊ गुण. आठ दिवसांनी बोलता बोलता कळलं की त्यांच्या घरी बैलच नाहीत. तीन वर्षांपूर्वी विकले. एका साली सोयाबीन हातचं गेलं, दुसऱ्या साली बोंडअळी, त्यात बहिणीचं लग्न.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "मंग तू असं काऊन लिवलं रे?"

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मलाच काही कळत नाही. "मॅडम, निबंधात बैल लागतेच ना."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही, म्हटलं तरी चालेल. त्याच्या घरातला बैल गेला, पण निबंधातला बैल विकायची परवानगी त्याला कोणी दिली नव्हती. मीच दिली नव्हती. मी तर त्या खोट्या बैलाला नऊ गुण दिले होते.

आता हा एकट्याचा प्रश्न आहे का? २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गोवंशाची संख्या दीड कोटीच्या वर होती. २०१९ च्या गणनेत ती जवळपास १० टक्क्यांनी घटून १ कोटी ४० लाखांच्या आसपास आली. त्यात गाई आल्या, वासरं आली. नांगराला जुंपायच्या बैलांचं काय झालंय, ते आपल्या गावच्या आखरावर उभं राहिलं की दिसतंच. मी त्या वर्षी उभी राहिले. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, वाजंत्री होती. मानाची जोडी पुढे. मागे मोजून अकरा जोड्या. एक म्हातारे आजोबा मला म्हणाले, "बाई, माह्या उमरीत या आखरावर पाय ठेवाले जागा नव्हती." झडत्या झाल्या, त्यातली एक तर भाववाढीवर होती, लोकांनी शिट्ट्या मारल्या. तोरण तुटलं, पोळा फुटला. आणि रांगेच्या शेवटी, खरं सांगते, झेंडूच्या माळा घातलेले तीन ट्रॅक्टर उभे होते. ओवाळायला बाया तिथंही गेल्या. मला आधी हसू आलं. नंतर वाटलं, सुईला मऊ वडीत निजवणाऱ्या जपानी बाईला हे हसण्यासारखं वाटलं नसतं.

तो मुलगा होता तिथं. त्याचे वडील पानटपरीच्या बाजूला, गर्दीच्या मागे उभे होते. पुढे आले नाहीत.

तर गेल्या ऑगस्टला, विचित्र सणांच्या आठवड्यानंतर, मी निबंधाचा विषय बदलला. 'बुन्योलच्या मुलाला सांगतो: यंदा आमच्या घरी पोळ्याला काय झालं'. बैल असायलाच पाहिजे असं नाही, हे तीनदा सांगितलं. त्याला काहीच माहीत नाही, त्यामुळे सगळं सांगावं लागेल: कोण कुठं उभं होतं, काय शिजलं, पैसे कुठून आले, मागच्या वर्षी होतं आणि यंदा नाही असं काय.

जे निबंध आले ते असे: एका मुलीनं लिहिलं की त्यांच्याकडे शेतच नाही, आई दुसऱ्यांच्या घरी पुरण वाटायला जाते, म्हणून पोळ्याला त्यांच्या घरी जेवण रात्री उशिरा होतं. एकानं लिहिलं, लम्पीच्या साथीत त्यांचा एक बैल मेला आणि एकटा उरलेला बैल पोळ्यात न्यायचा की नाही यावर घरात भांडण झालं. आणि एका मुलीच्या धाकट्या भावाच्या तान्ह्या पोळ्याचा निबंध. दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल ओढत घरोघर जातात, लोक बोजारा देतात. या पोराचा बैल मातीचा होता, त्याला चाकं नव्हती, म्हणून तो पाटावर ठेवून पाट ओढला. शहरात आता तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धा होतात, कमरेएवढे कोरीव नंदी, नगरसेवकांचे बॅनर. बक्षीस कोणाला मिळतं ते सांगायला नको.

मी हे निबंध वाचून हरखून गेले. भिंतीवर लावले. पालकसभेला बोलावलं तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्या पुरण वाटणाऱ्या बाईच मला भेटायला आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. "मॅडम, तुम्ही पोरीले चांगलं शिकवता. पण घरातलं असं लिवून घेऊ नका. ज्यायच्या घरी मी जातो, त्यायनं वाचलं ना ते."

मला काही उत्तर सुचलं नाही. मी त्याच दिवशी निबंध काढले.

आणि तेव्हा मला ते मघाचं कारण कळलं. टोमॅटो फेकणाऱ्या गावाबद्दल लिहायला कोणाचंच काही जात नाही. तिथं किती पैसे लागतात, कोण बाहेर राहतं, कोणाच्या घरी त्या दिवशी काम जास्त असतं, हे आपण विचारतच नाही. तेच प्रश्न आपल्या सणाला विचारले की घर दिसायला लागतं. कर्ज दिसतं, विकलेली जोडी दिसते, दुसऱ्याच्या घरचं पुरण दिसतं. म्हणून तो पाठ निबंध इतका टिकला असावा. तो आळसातून आलेला आहेच, पण सर्जा-राजाच्या झुलीखाली बरंच झाकलंही जातं, आणि काही घरांना ते झाकलेलं हवं असतं. त्यांना तसा हक्क आहे.

माझ्या एका सहकारी सरांचं म्हणणं याहून पुढे जातं. ते म्हणतात, मॅडम, आपण भाषा शिकवतो, घरांची चौकशी करत नाही. पोराला चार चांगली वाक्यं येऊ द्या, बैल खरा की खोटा याच्याशी काय करायचं? परीक्षेत तर तोच निबंध येतो, आणि तपासणारा झूल, घुंगरं, पुरणपोळी शोधतो. त्यांचं सगळं मला पटत नाही. ज्या मुलाला स्वतःच्या घराबद्दल लिहायचं तर आधी त्यात बैल घालावा लागतो, तो पुढे अर्ज लिहील, तक्रार लिहील, पीकविम्याच्या पंचनाम्यात आपलं म्हणणं लिहील, तेव्हा काय करेल? तिथंही जे 'लागतेच' तेच लिहील. पण सरांचा अर्धा मुद्दा मी घेतला आहे, भिंतीपुरता.

आता माझ्या वर्गात असं चालतं. पाठ निबंध मी बंद केला नाही, तो वहीत एकदा लिहून घेते, परीक्षेसाठी, आणि मुलांना तसं स्पष्ट सांगते की हा परीक्षेचा बैल. दुसरा निबंध वेगळ्या पानावर. तो मी एकटी वाचते. वाचून दाखवायचा की नाही ते मूल ठरवतं. भिंतीवर काहीच नाही. त्याला गुण नाहीत, खाली मी फक्त एक प्रश्न लिहून परत देते. ज्याला घरचं लिहायचं नाही, त्यानं आखरावरचं लिहावं, ट्रॅक्टरचं लिहावं, किंवा फायासचं लिहावं. एका मुलानं मला विचारलं, "दोन्ही निबंधात बैल नाई टाकला तं चालते काय?" चालते म्हटलं.

खोट्या बैलाचे नऊ गुण मिळवणारा तो मुलगा आता नववीत, दुसऱ्या शाळेत आहे. त्याला दुसरा निबंध लिहायची वेळ माझ्या वर्गात आलीच नाही.

पालकांना एक विनंती. तान्ह्या पोळ्याला तुमच्या दारात पोरं येतील तेव्हा बोजारा देताना बैल कोणाचा मोठा हे बोलू नका. बैल कोणी केला ते विचारा. पोरं सांगतात, लांबलचक सांगतात. आणि शिक्षकहो, या वर्षी पोळ्याच्या दिवशी जमलं तर गावात थांबा, जेवायला कोणीतरी बोलावतंच.

यंदा तान्ह्या पोळ्यानंतर शाळा भरेल त्या दिवशी फळ्यावर लिहायचे प्रश्न मी काढून ठेवलेत. तोरण कोणी बांधलं? आखरावर किती जोड्या होत्या, किती ट्रॅक्टर? झडती कोणी म्हटली, लोक कोणत्या झडतीला हसले? पुरण कोणी वाटलं? हा शेवटचा प्रश्न मी दोनदा खोडून पुन्हा लिहिला आहे. ठेवायचा की नाही, अजून ठरलं नाही.